सावकाराची वही आणि आपली वही

आपल्या समाजाच्या कर्जबाजारीपणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सावकाराने ते आपल्या वहीत लिहिले, सरकारने अहवालांत लिहिले, सुधारकांनी व्याख्यानांत मांडले. या सगळ्या लिखाणात आपण आहोत, पण अंगठ्याच्या रूपाने आहोत. आपले देणे किती, ते कशापायी झाले आणि फिटले तर कसे फिटले, याचा हिशेब आपल्या घरात, आपल्या हाताने कधी लिहिला गेला काय? या लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

वरवर पाहता हा विषय लहान वाटेल. घरखर्चाची वही, महिन्याची भिशी, बायकांचा बचतगट या गोष्टींना इतिहासात कोण जागा देतो? चळवळीतल्या आपल्या मित्रांनाही हा विषय जरा खालच्या दर्जाचा वाटतो. क्रांतीची भाषा बोलणाराने मीठ-मिरचीचा जमाखर्च मांडू नये असा एक समज आपल्यात आहे. हा समज चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मत मी पुस्तकांतून आणि आईच्या वहीतून मिळून बनवले आहे.

१

प्रारंभ १८७५ पासून करू. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो त्याच्या कागदांवर होता. खतपत्रे, रोखे, हुकूमनामे मागून घेतले जात आणि त्यांची होळी होई. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा प्रकरण तेवढ्यावरच थांबले. निरक्षर माणसाला सुद्धा हे नेमके ठाऊक होते की आपला फास दोरीचा नाही, शाईचा आहे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. कुणब्याला कर्ज होते ते लग्नात आणि सणावारात तो उधळपट्टी करतो म्हणून, असा आरोप तेव्हा सर्रास होत असे. आयोगाने हिशेब तपासले आणि लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे असे नोंदवले. पोटाला धान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारचा सारा भरणे यांसाठी झालेले लहानसहान कर्ज व्याजाने फुगत जाते, असे त्यातून दिसत होते. साम्राज्य सरकारच्या आयोगाला जे हिशेबात दिसले, ते आपल्याकडच्या कित्येक उपदेशकांना आजही दिसत नाही. गरीब माणूस कर्जात आहे म्हणजे तो उधळ्या असला पाहिजे, हे अजून गृहीत धरले जाते.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सावकार, कोर्ट आणि कारकून यांची साखळी उघडी केली. कायदा चांगला होता, पण तो शेतकऱ्यासाठी होता आणि कागदावरच्या कर्जासाठी होता. महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माणसाचे काय? त्याच्या कर्जाला अनेकदा कागदच नसे. पावसाळ्याच्या तोंडी पायली-दोन पायल्या ज्वारी आणायची आणि सुगीत सवाईने किंवा दिढीने परत करायची. सवाई म्हणजे एकाचे सव्वा, दिढी म्हणजे एकाचे दीड, आणि तेही चार-सहा महिन्यांत. सालगडी पाडव्याला उचल घेई आणि त्या उचलीपोटी वर्षभर राबे. वर्ष सरले तरी उचल सरत नसे, म्हणून पुढचा पाडवाही त्याच वाड्यात उजाडे. या कर्जाचा रोखा म्हणजे माणसाचे शरीर होते. सुप्याच्या होळीत जाळायला आपल्याजवळ कागद नव्हता, आणि कायद्याला तर कागद लागतो. म्हणून दंगा झाला तो आपला नव्हे आणि कायदा झाला तोही आपल्यापर्यंत पुरता पोचला नाही.

२

गावचा फास तोडून आपली माणसे मुंबईला गेली. मुंबई म्हणजे रोख पगार, आणि रोख पगार म्हणजे मुक्ती अशी आशा होती. ती अगदीच खोटी ठरली नाही. परंतु गिरणीच्या दारात दोन गोष्टी आपली वाट पाहत होत्या. एक जात आणि दुसरी उधारी.

विणाई खात्यात पगार जास्त होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि महाराच्या ओठांचा विटाळ सवर्ण विणकराला चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे ठेवला. कामगाराच्या एकजुटीची गाणी गाणाऱ्यांना उत्तर देणे जड गेले. म्हणजे आपल्या घरखर्चाची जमेची बाजू जातीनेच आखडून ठेवली होती. खर्चाची बाजू मात्र सगळ्यांसारखीच होती. तेल, मीठ, भाडे यांचे भाव वाण्याने आपल्यासाठी कमी केले नव्हते.

दुसरी गोष्ट उधारीची. गिरणीचा पगार महिन्याने होई आणि महिना संपल्यावरही काही दिवस तो अडकवून ठेवला जाई. नव्याने लागलेल्या कामगाराच्या हातात पहिला पैसा पडायला सहा आठवडे लागत. तोवर खायचे काय? नोकरी मिळवण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे ती वेगळीच. म्हणजे कामगार दारूच्या गुत्त्यात शिरण्याच्या आधी, लग्नाचा मांडव घालण्याच्या आधी, केवळ कामावर हजर झाल्यामुळे कर्जदार होत असे. त्याचे कर्ज त्याच्या स्वभावातून नव्हे, पगाराच्या तारखेतून जन्माला येत होते.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. पाहणीत घेतलेल्या कुटुंबांपैकी ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. खर्चापैकी सुमारे ५७ टक्के रक्कम नुसत्या अन्नावर जात होती. एवढे करून ते अन्न किती, तर मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्याला जेवढे ठरवून दिले होते त्याहून कमी. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी हा अहवाल एकदा उघडावा. कैद्याहून कमी खाणाऱ्या माणसाने आणखी कुठे काटकसर करायची?

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात असावीत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त असावे, असा त्याचा अंदाज होता. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर अगदी रूढ होता. सोळा आण्यांचा रुपया. वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दरवाज्याशी उभा असे. वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस आयोगाला करावी लागली. पुढे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला आणि पगार किती दिवसांत द्यायचा याला मर्यादा आली. कर्ज रोखण्यात या एका कलमाचा उपयोग शंभर व्याख्यानांपेक्षा मोठा होता असे मला वाटते.

इथे पठाणाच्या काठीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ती काठी पाठीवर क्वचितच पडे. तिचे खरे काम दिसण्याचे होते. चारचौघांत, सोबत्यांदेखत, आपले नाव घेऊन कोणी हाक मारील या भीतीने कामगार मागच्या दाराने निघून जाई, एकाचे देणे भागवायला दुसऱ्याकडून काढी आणि शेजाऱ्याला काही कळू देत नसे. शेजाऱ्याचीही तीच गत, आणि तोही लपवीत होता. एका खोलीत दहा-बारा माणसे राहत, एका चुलीवरचे जेवत, आणि प्रत्येकाचे कर्ज मात्र त्याच्या एकट्याचे होते. सावकाराचे खरे भांडवल त्याच्या तिजोरीत नव्हते. ते कर्जदाराच्या लाजेत होते.

३

या काळात परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये एक बिऱ्हाड राहत होते. ते बाबासाहेबांचे. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार होता महिना ४५० रुपये. चाळीच्या मानाने ही मोठीच रक्कम. परंतु लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. बाबासाहेब रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी ठरावीक रक्कम देत आणि उरलेली बाजूला टाकत. घरात माणसे पुष्कळ होती. त्या ठरावीक रकमेत सगळ्यांचे भागवायचे काम रमाबाईंचे होते. १९२० च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी नोकरी सोडली आणि जुलैत ते लंडनला निघाले. गाठीला स्वतःची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाच्या प्रश्नाचा एक अभ्यास लंडनच्या ग्रंथालयात झाला आणि दुसरा परळच्या चुलीपाशी. पहिल्याचा ग्रंथ झाला. दुसऱ्याचे एक पानही कोणी जपून ठेवले नाही.

या हकिगतीतून मला दोन गोष्टी दिसतात. बाबासाहेबांनी कर्जाला पाप मानले नाही. ज्या कर्जाने माणूस मोठा होतो ते त्यांनी मित्राकडून उघडपणे घेतले. दुसरी गोष्ट अशी की, त्यांची काटकसर दारिद्र्याला शरण जाणारी नव्हती. तिला हेतू होता. मालकाने सांगितलेली काटकसर आणि स्वतःच्या हेतूसाठी केलेली काटकसर या दोन्ही दिसायला सारख्या असतात. पण पहिलीने माणूस आकसतो आणि दुसरीने तो उभा राहतो.

अशी काटकसर आपल्या परंपरेत नवी नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीवाचून आणि थोडक्यात लग्ने लावली, तो जसा धर्माचा प्रश्न होता तसा कर्जाचाही होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध पद्धतीचे साधे लग्न आले. नवस गेले, जत्रेचे बकरे गेले, देवऋषी गेला. या एका घटनेने आपल्या घरांतला किती खर्च वाचवला असेल याचा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला मी पाहिला नाही. धर्मांतराची चर्चा आपण तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ केली. ती घरखर्चाच्या अंगानेही झाली पाहिजे.

४

कर्ज फेडण्यासाठी माणसांना एकत्र आणण्याचे प्रयत्न सरकारी आणि सुधारकी पातळीवर झाले नाहीत असे नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी मुंबईतल्या कामगारांत, सफाई कामगारांतही, पतसंस्थांचे काम केले. त्या कामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा कामात वही सुधारकाच्या हातात राही आणि अंगठा आपला राही. सावकाराच्या जागी सज्जन माणूस आला, एवढा फरक झाला. तो फरक मोठा आहे, पण पुरेसा नाही. गावोगाव पुढे सहकारी सोसायट्या निघाल्या. त्यांच्यात जमिनीच्या उताऱ्यावर कर्ज मिळू लागले. ज्याला उताराच नाही तो पुन्हा दाराबाहेर राहिला.

मुंबईच्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. गिरणगावातल्या या बायका एकट्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर धान्य, रॉकेल, मसाला सगळे उधारीवर आणि व्याजावर. कामगाराचे उशिराचे वेतन असे एका बाईच्या डोक्यावर कर्ज होऊन बसत होते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण खानावळवालीकडे तारण काय होते? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बायकांचे गट झाले, एकमेकींचा शब्द हेच तारण ठरले आणि बँकेचे कर्ज काढून सावकाराचे तोडता आले. ज्या बाईला शेजारीण ओळखते ती बाई बुडवणार नाही, हे ज्ञान बँकेच्या कोणत्याही कारकुनाजवळ नव्हते. ते चाळीजवळ होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आला. कागदावर सालगड्याची उचल संपली. प्रत्यक्षात ऊसतोडीच्या मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीने, कोयत्याच्या हिशेबाने, उचल घेणे चालूच राहिले आणि आजही चालू आहे. कायदा जुने कर्ज रद्द करतो. उद्या सकाळी लेकराला ताप आला तर शंभर रुपये कोण देणार, याचे उत्तर कायद्यात नसते. ते उत्तर जोवर सावकाराजवळच आहे, तोवर रद्द झालेले कर्ज दुसऱ्या नावाने परत येते.

५

आता आईच्या वहीकडे येतो. माझा बाप मराठवाड्यातल्या एका गावात सालगडी होता. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बारावीला मी शहरात शिकायला गेलो तेव्हा बापाच्या आजारपणासाठी काढलेले आठ हजारांचे कर्ज घरावर होते. व्याज शेकडा पाच, महिन्याला. दरमहा चारशे रुपये सावकाराच्या घरी जात आणि मुद्दल जागचे हलत नसे. वर्षाला ४,८०० रुपये देऊन आठ हजार ते आठ हजारच. बाप म्हणायचा, “व्याज चालू हाय तवर अब्रू हाय.” हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. सावकाराने आमच्या अब्रूची किंमत महिना चारशे ठरवली होती आणि आम्ही ती मान्य केली होती.

आमच्या वस्तीतल्या चौदा बायकांनी एक गट केला. महिन्याला प्रत्येकी ५० रुपये. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तिथेच बैठक. वही लिहायला सातवी झालेली एक सून होती. पहिले काही महिने नुसते पैसे गोळा झाले. मग एका पौर्णिमेला सगळ्यांत म्हातारी मावशी म्हणाली, “पैका जमतुया, पर कुनाच्या गळ्याला किती फास हाय त्ये तरी सांगा की एकमेकीला.” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मावशीनेच आपले देणे सांगितले. नंतर दुसरीने, मग आईने. आई पुढे मला म्हणाली, की त्या रात्री तिला पहिल्यांदा कळले, चौदापैकी अकरा घरे त्याच एका सावकाराची देणेकरी होती. वर्षानुवर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बायका. पण हे कोणालाच ठाऊक नव्हते.

माझ्या मते या कथेतली मुख्य घटना हीच आहे. पैसा नंतर आला. आधी लाज गेली.

नंतरचा भाग अंकगणिताचा आहे आणि तो मी मुद्दाम सांगतो, कारण कार्यकर्त्यांनी तो पाठ करण्यासारखा आहे. चौदा बायकांचे ५० प्रमाणे महिन्याला ७०० रुपये जमत. बारा महिन्यांत ८,४०० झाले. त्यातून पहिले कर्ज सहा हजारांचे दिले, ते आईला नव्हे, तर एका विधवा बाईला. पाळी कोणाची हे चिठ्ठीने ठरवायचे नाही, ज्या घरात व्याजापायी चूल थंड पडते त्या घराची पाळी आधी, असे ठरले होते. ती बाई सावकाराला महिना तीनशे देत होती. तेच तीनशे ती आता गटाला देऊ लागली. सातशे अधिक तीनशे असे महिन्याला हजार जमू लागले. सहा महिन्यांनी गटाजवळ पुन्हा ८,४०० होते आणि आईची पाळी आली. सावकाराचे आठ हजार एकरकमी फेडून कागद हातात घेतला.

गटाचे व्याज शेकडा दोन होते. आई महिन्याला पूर्वीइतकेच चारशे देत राहिली. पहिल्या महिन्यात त्यातले १६० व्याजाचे आणि २४० मुद्दलाचे. मुद्दल घटेल तसे व्याज घटे. सव्वीस महिन्यांत कर्ज निल झाले. घरातून जाणारा पैसा एका रुपयानेही वाढला नव्हता. तो कुठे जातो एवढेच बदलले होते. आणि जे व्याज दिले तेही गटातच राहिले, दुसऱ्या बाईच्या उपयोगी पडले.

या काळात आईने घरखर्चाची वही ठेवायला सुरुवात केली. अक्षर येत नव्हते म्हणून खुणा केल्या. ज्वारीला कणसाची खूण, रॉकेलला चिमणीची, दवाखान्याला अधिक चिन्ह, बापाच्या बिडीला एक आडवी रेघ. महिन्याच्या शेवटी ती रेघा मोजी. बाप चिडे. पण रेघा खोट्या नव्हत्या आणि त्यावर वाद घालता येत नव्हता. माझ्या वह्या-पुस्तकांना तिने चौकोन केला होता. मोठेपणी ती वही चाळताना माझ्या लक्षात आले की, ज्या महिन्यात चौकोन जास्त आहेत, त्या महिन्यात कणसे कमी आहेत. मी कोणाच्या पोटातले खाऊन शिकलो याचा लेखी पुरावा माझ्याजवळ आहे.

पुढे मलाही हा धडा नव्याने गिरवावा लागला. मी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन वर्षातून एक-दोनदा येई. शाही आयोगाने नोंदवलेला सहा आठवड्यांचा उशीर माझ्या वेळेपर्यंत सहा महिन्यांचा झाला होता. मोबाईलवरून झटपट मिळणारे कर्ज मी घेतले, ते फेडायला दुसरे घेतले, आणि इतिहास शिकवणारा मी हे सगळ्यांपासून लपवीत राहिलो. वसुलीवाल्याने माझ्या फोनमधल्या ओळखीच्यांना फोन लावले तेव्हा मला गिरणीच्या दरवाज्यावरची काठी दिसली. आम्ही पाच सहकारी शेवटी एका रविवारी एका खोलीत बसलो आणि प्रत्येकाने आपली देणी एका कागदावर लिहून मध्ये ठेवली. सर्वांत चढ्या व्याजाचे आधी, हा गटाचाच नियम आम्ही लावला. फेडायला तीन वर्षे लागली. पदव्या आमच्याजवळ होत्या. पद्धत मात्र निरक्षर बायकांची होती.

६

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती न सांगता थांबलो तर हा लेख सरकारी जाहिरात होईल.

१९९२ साली नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. तो देशभर पसरला. त्याच्या पाठोपाठ मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. त्यांनी पाहिले की बायका एकमेकींच्या शब्दावर कर्ज फेडतात. त्यांनी तो शब्द उचलला आणि त्याचे कलम केले. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. वसुलीचा माणूस आला की सगळ्यांनी तिच्या दारात बसायचे. जी शेजारीण सोबतीण होती तिला पहारेकरीण केले. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात याचे काय परिणाम झाले ते देशाने पाहिले. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातल्या बायका या वसुलीविरुद्ध रस्त्यावर आल्या.

गट म्हटले की तो आपला, असे समजण्याचे कारण नाही. वही कोणाच्या हातात आहे, व्याज कोणाकडे जाते आणि हप्ता चुकलेल्या बाईला गट विचारतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. “हप्ता का दिला नाहीस?” असे विचारले तर तो सावकाराचा गट. “घरी काय झालं, बाई?” असे विचारले तर तो आपला.

दुसरी एक शंका आपल्या डाव्या मित्रांची आहे. पगार कमी, रोजगार नाही, जमीन नाही, अशा माणसाला घरखर्चाचे अंदाजपत्रक शिकवणे म्हणजे व्यवस्थेचे पाप त्याच्या माथी मारणे नव्हे काय? शंका रास्त आहे. १९२३ चा अहवाल मी वर सांगितला तो याचसाठी. वहीने मजुरी वाढत नाही. वही हा लढ्याला पर्याय नाही. पण वहीवाचून लढणाऱ्याचे काय होते, हेही इतिहासात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप लांबत गेला तसे घराघरांतले मंगळसूत्र गहाण पडले, भांडी गेली, गावची जमीन गेली. मालक थांबू शकत होता, कामगाराला थांबणे परवडत नव्हते. संप किती दिवस चालेल हे मैदानावरच्या भाषणांबरोबर घरातल्या डब्यातही ठरत असते. ज्याच्या डोक्यावर सावकार आहे तो मालकापुढे ताठ उभा राहू शकत नाही. एका वेळी दोन धनी झुगारता येत नाहीत. आधी जवळचा झुगारावा लागतो.

आणि आपण, चार पुस्तके शिकून नोकरीला लागलेले लोक? पतसंस्थेचे कर्ज, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि वर बहिणीच्या लग्नात डीजे. ज्या धर्मांतराने आपल्याला साधे लग्न दिले, त्याची जयंती सुद्धा आपण उसन्या पैशांच्या रोषणाईने साजरी करू लागलो आहोत. गावाकडच्या भावाला व्याजाची रक्कम विचारायला आपल्याला वेळ नाही. बायकांनी विहारात बसून जे केले ते शिक्षकांच्या वसाहतीत का होत नाही? कारण आपल्याला लाज जास्त आहे. शिक्षणाने आपली निरक्षरता घालवली. लाज मात्र अधिक सुशिक्षित केली.

शेवटी इतिहासाचा शिक्षक म्हणून एक मागणे. आपल्या वस्त्यांतून सावकाराचे फाडलेले कागद, भिशीच्या वह्या, गटाच्या जुन्या नोंदी, खुणांनी भरलेली आयांची पाने अजून कुठे कुठे पेट्यांतून पडून आहेत. दर दिवाळीच्या सफाईत ती रद्दीत जातात. विद्यार्थ्यांनी ती गोळा करावीत, तारखा विचारून लिहून ठेवाव्यात. दख्खनच्या दंग्यांवर आयोगाचा अहवाल आहे, गिरणी कामगारांवर सरकारी पाहणी आहे. आपल्या बायकांनी कर्ज कसे फेडले याची पाहणी कोणी केलेली नाही, आणि कोणी बाहेरून येऊन ती करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

आईच्या वहीतले शेवटचे पान माझ्यासमोर आहे. त्यावर सावकाराची खूण नाही. कणसे आहेत, एक चिमणी आहे, आणि कोपऱ्यात तिने साठीच्या वयात शिकून लिहिलेली स्वतःची सही आहे. सही वाकडी आहे. पण अंगठा नाही.